औषध खरे, व्यवहार खोटा

हेरॉइन, ब्राउन शुगर, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सगळी एकाच कुळातली नावे. अफूच्या बोंडातून निघालेली किंवा अफूसारखे काम करणारी ही द्रव्ये मेंदूतल्या ठरावीक ग्राहींवर जाऊन बसतात, वेदना थांबवतात आणि सुखाची लाट उठवतात. ती रोज घेत गेले की काही आठवड्यांत मेंदूचे त्यांच्यावाचून चालेनासे होते. डोस चुकला की अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. मुंबई-पुण्याकडचे गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारे या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. पुढचा डोस घेतला जातो तो मुख्यतः ही टर्की टळावी म्हणून. मजा तोवर केव्हाच संपलेली असते.

व्यसनाच्या या आजारावर औषधे आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही त्यातली दोन प्रमुख. दोन्ही अफूच्याच कुळातली, पण शरीरात सावकाश काम करणारी. दिवसातून एकदा योग्य मात्रेत घेतली की तलफ शमते, टर्की येत नाही आणि माणूस नशेत न राहता कामधंदा करू शकतो. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अनेक देशांतल्या नोंदींचा एकत्रित आढावा छापला. मेथाडोन सुरू असताना वर्षाला दर हजार रुग्णांमागे सुमारे ११ मृत्यू होत होते. औषध सुटल्यावर ते ३६ वर गेले. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत हेच आकडे सुमारे ४ आणि ९.५ होते. सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे औषध सुटल्यानंतरचा पहिला महिना. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधाबद्दल असा पुरावा हाती असता तर ते घरोघर पोहोचवण्यासाठी सरकारांनी कंबर कसली असती.

अमेरिकेत २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यातले बहुसंख्य मृत्यू अफूवर्गीय द्रव्यांचे होते. त्याच देशात ही औषधे महाग, दुर्मीळ आणि लाजिरवाणी राहिली. याचे एक कारण औषध कंपन्यांच्या नफेखोरीत आहे आणि दुसरे रुग्णाकडे पाहण्याच्या नजरेत. दोन्ही कारणे एकमेकांना पोसतात. ज्या रुग्णाबद्दल कोणाला कणव नाही, त्याच्या औषधाचा सौदा मनमानीपणे करता येतो. आणि तसा सौदा झाला की लोकांचा औषधावरचा व रुग्णावरचा अविश्वास आणखी वाढतो. ब्युप्रेनॉर्फिनचा, म्हणजेच ‘सबॉक्सोन’ या नावाने विकल्या गेलेल्या औषधाचा इतिहास हे दाखवून देतो.

संशयाची पायाभरणी

अमेरिकेने १९१४ साली हॅरिसन कायदा करून अफू आणि कोकेनच्या व्यवहारावर नियंत्रण आणले. १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की व्यसनी माणसाला केवळ त्याची टर्की टळावी म्हणून मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार नव्हे. त्यानंतर असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर खटले भरले गेले आणि डॉक्टरांनी या रुग्णांकडे पाठ फिरवली. पुढची चार दशके व्यसनी माणूस हा पोलिसांचा विषय राहिला. १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्सिंग्टन इथे सरकारने खास व्यसनी लोकांसाठी संस्था उघडली. ती रुग्णालय होती आणि तुरुंगही होती.

१९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या जुन्या व्यसनी रुग्णांना रोज मेथाडोन देऊन पाहिले. १९६५ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दिवसभर पुढच्या डोसच्या मागे धावणारी ही माणसे शाळेत, नोकरीत, घरात परतू लागली होती. मात्र १९७०च्या दशकात सरकारने मेथाडोनला परवानगी दिली ती कडेकोट बंदोबस्तात. हे औषध व्यसनासाठी साध्या दवाखान्यात मिळणार नव्हते आणि औषधाच्या दुकानातही नव्हते. त्यासाठी वेगळी केंद्रे उघडली गेली.

त्या केंद्रातली सकाळ ठरलेली असे. कामावर जाण्याआधी, पहाटेपासून रांग लागे. काचेच्या खिडकीमागे परिचारिका बसलेली असे. रुग्णाने नाव सांगायचे, छोट्या प्लास्टिकच्या पेल्यातले पातळ औषध तिच्यासमोर प्यायचे आणि औषध तोंडात धरून ठेवलेले नाही हे पटावे म्हणून बोलून दाखवायचे. ठरावीक दिवशी लघवीचा नमुना द्यायचा, तोही कोणाच्या तरी देखत. केंद्र घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर असले तरी सुरुवातीचे अनेक महिने हे जवळजवळ रोज करायचे. नोकरी, मुलांची शाळा, आजारपण यांतले काहीही या हजेरीच्या आड येऊ शकत नसे. मेथाडोन स्वतः अतिशय स्वस्त आहे. पैसा मिळे तो या हजेरीतून. त्यामुळे पुढे गुंतवणूक कंपन्यांनी अशा केंद्रांच्या साखळ्या विकत घेतल्या. २००६ मध्ये बेन कॅपिटलने सीआरसी हेल्थ ही साखळी घेतली आणि २०१५ मध्ये ती अकेडिया हेल्थकेअरकडे गेली. रुग्णाला दुसरीकडे जायला जागा नाही, हीच या धंद्याची हमी होती.

हल शहरातले रसायन

ब्युप्रेनॉर्फिनचा जन्म इंग्लंडमधल्या हल शहरात झाला. कंपनी होती रेकिट अँड कोलमन. डेटॉल, हार्पिक आणि कपड्यांची रॉबिन नीळ यांमुळे भारतातल्या घराघरांत पोहोचलेले हे घराणे. मॉर्फिनइतके परिणामकारक पण व्यसन न लावणारे वेदनाशामक शोधणे हे तिथल्या रसायनशास्त्रज्ञांचे ध्येय होते. जॉन लुईस यांच्या गटाने अफूतल्या थेबेन या घटकापासून १९६६ मध्ये हे संयुग तयार केले. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये ते वेदनाशामक इंजेक्शन म्हणून बाजारात आले. त्याच वर्षी लेक्सिंग्टनच्या संशोधन केंद्रातले डॉ. डोनाल्ड जसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे औषध व्यसनाच्या उपचारासाठीही उपयोगी पडू शकेल.

त्यामागचे शास्त्र समजण्यासारखे आहे. मेंदूतली ग्राही म्हणजे कुलूप असे मानले तर हेरॉइन ही ते पूर्ण उघडणारी किल्ली आहे. ब्युप्रेनॉर्फिन त्याच कुलपात घट्ट बसते, पण ते अर्धवटच उघडते. त्यामुळे तलफ आणि टर्की थांबते, मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी परिणाम फारसा वाढत नाही. श्वास मंदावून मृत्यू येण्याचा धोका मेथाडोनपेक्षा कमी राहतो. शिवाय ते बसलेले असताना वरून हेरॉइन घेतले तर त्याला फारशी जागा मिळत नाही. गोळी गिळायची नसते. ती जिभेखाली धरून विरघळू द्यायची, पाच-दहा मिनिटे बोलायचे नाही आणि तो कडवटपणा सोसायचा. ‘सबॉक्सोन’मध्ये ब्युप्रेनॉर्फिनसोबत नालोक्सोन असते. जिभेखाली ठेवल्यावर नालोक्सोन जवळपास निष्क्रिय राहते. कोणी गोळी विरघळवून शिरेत टोचली तर मात्र ते टर्की आणू शकते.

सरकारचा हात आणि कंपनीची मक्तेदारी

व्यसनी रुग्णांसाठीच्या औषधात रेकिटला सुरुवातीला फारसा रस नव्हता. असे रुग्ण आपल्या नावाशी जोडले जावेत, असे साबण आणि जंतुनाशके विकणाऱ्या कंपनीला वाटत नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने १९९४ मध्ये कंपनीशी करार केला आणि चाचण्यांच्या कामात सरकारी पैसा व मनुष्यबळ घातले. त्याच वर्षी या औषधाला ‘ऑर्फन’ औषधाचा दर्जा मिळाला. ही सवलत मुळात विरळ आजारांच्या औषधांसाठी आहे. दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला आजार, किंवा ज्यातून खर्चही वसूल होणार नाही असे औषध, यांना ती मिळते आणि मान्यतेनंतर सात वर्षे बाजारात स्पर्धक येऊ शकत नाही. अफूवर्गीय व्यसन विरळ नव्हते. कंपनीने खर्च वसूल न होण्याची बाजू मांडली आणि ती मान्य झाली. हा दर्जा मुळातच चुकीचा दिला गेला होता, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ठरवले आणि तो रद्द केला. तोवर पंचवीस वर्षे उलटून गेली होती. २०१२ मध्ये सबॉक्सोनची अमेरिकेतली विक्री दीड अब्ज डॉलरच्या वर होती.

२००० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला. आता हे औषध साध्या दवाखान्यातूनही लिहून देता येणार होते. ऑक्टोबर २००२ मध्ये ‘सबुटेक्स’ (फक्त ब्युप्रेनॉर्फिनची गोळी) आणि ‘सबॉक्सोन’ या दोन्ही गोळ्यांना मान्यता मिळाली. पण संशय कायम होता. डॉक्टरांनी आठ तासांचे वेगळे प्रशिक्षण घ्यायचे, सरकारकडून खास परवाना मिळवायचा आणि एका वेळी फक्त ३० रुग्ण पाहायचे अशी अट घातली गेली. सुरुवातीला ही मर्यादा एका डॉक्टरपुरती नव्हती, संपूर्ण गटाला लागू होती. शेकडो डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेलाही तीसच रुग्ण घेता येत. २००५ मध्ये हा विपर्यास दूर झाला. वर्षभर अनुभव घेतलेल्या डॉक्टरांसाठी मर्यादा २००६ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये काही डॉक्टरांसाठी २७५ झाली. याच काळात ‘ऑक्सिकॉन्टिन’सारखी व्यसन लावणारी जहाल वेदनाशामके कोणताही डॉक्टर, कितीही रुग्णांना, या खास परवान्यावाचून लिहून देऊ शकत होता. व्यसन लागण्याचा रस्ता मोकळा आणि व्यसनातून सुटण्याच्या रस्त्यावर नाके, अशी ही व्यवस्था होती.

या नाक्यांचा फायदा उठवणारे निघालेच. परवाना असलेले डॉक्टर मोजके आणि रुग्ण अमाप, त्यामुळे विमा न स्वीकारता रोख पैसे घेणारे दवाखाने उभे राहिले. पैसे नसणारा रुग्ण तीच गोळी रस्त्यावरून घेऊ लागला. रस्त्यावर गोळी मिळते म्हणून नियम आणखी कडक हवेत, अशी ओरड पुन्हा सुरू झाली.

गोळीची पट्टी झाली

ऑक्टोबर २००९ मध्ये सात वर्षांचे संरक्षण संपले. दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या येणार हे दिसत होते. ऑगस्ट २०१० मध्ये रेकिटने त्याच औषधाची, जिभेखाली विरघळणारी पातळ पट्टी बाजारात आणण्याची मान्यता मिळवली. औषध तेच होते, पण पट्टीला नवे पेटंट होते. आता रुग्णांना गोळीवरून पट्टीवर वळवणे एवढेच बाकी होते.

त्यासाठी लहान मुलांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले गेले. गोळ्या बाटलीत असतात, मुलांच्या हाती लागू शकतात. पट्टी मात्र एकेक वेगळ्या वेष्टनात असते, असा युक्तिवाद होता. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीने गोळ्या बाजारातून काढून घेण्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला की मुलांपासून सुरक्षित अशा वेष्टनाशिवाय कोणाच्याही स्वस्त गोळ्यांना मान्यता देऊ नये. गोळ्या धोक्याच्या असतील तर त्या इतकी वर्षे विकल्या कशा, हा साधा प्रश्न होता. प्रशासनाने फेब्रुवारी २०१३ मध्ये अर्ज फेटाळला, त्याच दिवशी दोन कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांना मान्यता दिली आणि स्पर्धेला अडथळा आणल्याची शंका तपासण्यासाठी प्रकरण व्यापार आयोगाकडे सोपवले. पण तोवर बहुतेक रुग्ण पट्टीवर गेलेले होते.

मॅसॅच्युसेट्स राज्यात जे घडले ते यातले सगळ्यात उघड प्रकरण. गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा चालवणारी तिथली ‘मासहेल्थ’ ही योजना कोणत्या औषधाचा खर्च द्यायचा हे ठरवत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीच्या माणसांनी तिला आकडेवारी दिली. मुलांनी चुकून औषध घेण्याचे प्रमाण पट्टीच्या बाबतीत सर्वांत कमी आहे, असे तीत दाखवले होते. ती माहिती खोटी होती. त्यानंतर मासहेल्थने सहा वर्षांखालचे मूल असलेल्या घरांतल्या रुग्णांसाठी पट्टीचा खर्च देण्याचे जाहीर केले. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या आई-बापाला आपल्या पोराची जी काळजी असते, तिचाच इथे विक्रीसाठी वापर झाला.

डिसेंबर २०१४ मध्ये रेकिटने हा व्यवसाय ‘इंडिव्हिअर’ या नावाने वेगळा केला. एप्रिल २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या अॅबिंग्डन इथल्या संघीय न्यायालयात इंडिव्हिअरवर आरोपपत्र दाखल झाले. पट्टी इतर औषधांपेक्षा अधिक सुरक्षित आणि गैरवापराला कमी वाव देणारी आहे, असा प्रचार पुराव्याविना केल्याचा त्यात आरोप होता. ‘हिअर टू हेल्प’ नावाची मदतवाहिनी रुग्णांसाठी चालवली जात होती. तिच्यातून रुग्णांना अशा डॉक्टरांकडे पाठवले जाई, जे निष्काळजीपणे भरमसाट औषध लिहून देतात हे कंपनीला ठाऊक होते, असेही आरोपपत्रात म्हटले होते.

जुलै २०१९ मध्ये रेकिटने, दोष मान्य न करता, १.४ अब्ज डॉलर भरून आपल्यापुरते प्रकरण मिटवले. २०२० मध्ये इंडिव्हिअरच्या उपकंपनीने मासहेल्थला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल केला. एकूण ६० कोटी डॉलरची तडजोड झाली आणि सबॉक्सोन विकणाऱ्या प्रतिनिधींचा ताफा बरखास्त करण्याचे कंपनीने मान्य केले. माजी मुख्य कार्यकारी अधिकारी शॉन थॅक्स्टर यांनी किरकोळ वर्गातल्या गुन्ह्याची कबुली दिली आणि त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. वैद्यकीय विभागाचे टिम बॅक्स्टर यांना सहा महिने घरातली स्थानबद्धता मिळाली. पट्टीच्या स्वस्त आवृत्त्या फेब्रुवारी २०१९ मध्ये आल्या. त्यातली एक हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीची होती आणि ती अडवण्यासाठी इंडिव्हिअर न्यायालयात गेली होती.

रोगही विका, औषधही विका

याच अॅबिंग्डनच्या न्यायालयात २००७ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीच्या संलग्न संस्थेने ऑक्सिकॉन्टिनच्या व्यसनाधीनतेबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला होता. १९९६ पासून हे वेदनाशामक अमेरिकेच्या गावोगावी पोहोचले होते. त्यातून माणसे व्यसनात अडकू लागली तेव्हा कंपनीच्या मालक कुटुंबातले रिचर्ड सॅकलर यांनी २००१ मध्ये एका ईमेलमध्ये सगळा दोष गैरवापर करणाऱ्यांवर टाकावा, तेच बेजबाबदार गुन्हेगार आहेत, अशी भूमिका घेतली होती. औषध निर्दोष, रुग्ण गुन्हेगार हा पवित्रा बचावासाठी होता आणि समाजाने तो सहज स्वीकारला, कारण समाजाचे मत आधीपासून तेच होते.

मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्त्यांनी केलेल्या दाव्यातून २०१९ मध्ये आणखी एक प्रकरण उघड झाले. पर्ड्यूमध्ये २०१४ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट टँगो’ या नावाने एक योजना विचारात होती. वेदनेचा उपचार आणि व्यसन यांचा नैसर्गिक संबंध आहे, तेव्हा कंपनीने दोन्हींची औषधे विकावीत, असा तिचा गाभा होता. सबॉक्सोनचा व्यवसाय विकत घेण्याचाही विचार झाला. योजना प्रत्यक्षात आली नाही. पण २०१८ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनच्या नव्या रूपाचे एक पेटंट मिळाले आणि त्याच्या संशोधकांच्या नावांत रिचर्ड सॅकलर यांचे नाव होते.

न्यायाधीशाला विकलेले औषध

अल्कर्मीस कंपनीच्या ‘व्हिव्हिट्रोल’ची कथा वेगळी आहे. यातले नॅलट्रेक्सोन ग्राही अडवून धरते. ते अफूच्या कुळातले नाही. महिन्यातून एकदा इंजेक्शन घ्यायचे, पण त्याआधी आठवडाभर तरी अफूवर्गीय काहीही शरीरात असता कामा नये. अफूवर्गीय व्यसनासाठी त्याला २०१० मध्ये मिळालेली मान्यता रशियातल्या चाचणीवर आधारलेली होती, आणि रशियात व्यसनाच्या उपचारासाठी मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन या दोन्हींवर बंदी आहे. एका इंजेक्शनची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. कंपनीने डॉक्टरांबरोबरच न्यायाधीश, तुरुंग अधिकारी आणि आमदारांकडे मोर्चा वळवला. व्यसनातून पूर्ण सुटका हवी, एका नशेऐवजी दुसरी नको, ही त्यांची मूळची भावना कंपनीने बरोबर हेरली. अनेक ठिकाणी न्यायालये आरोपीला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेऊ देत नसत. व्हिव्हिट्रोल मात्र चालत असे.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ५७० रुग्णांना दोन गटांत विभागले होते. ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातल्या ९४ टक्क्यांना औषध सुरू करता आले, नॅलट्रेक्सोनच्या गटात ७२ टक्क्यांनाच. ज्यांना ते सुरू करता आले त्यांच्यात परिणाम साधारण सारखाच होता. म्हणजे व्हिव्हिट्रोल काहींसाठी चांगले औषध आहे. पण त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच चारातला एक रुग्ण गळतो. कोणते औषध द्यायचे हे न्यायाधीशाने ठरवले की गळणाऱ्यांचा विचार कोणी करत नाही.

‘एव्झिओ’ने तर जीव वाचवण्याच्या क्षणाची किंमत लावली. नालोक्सोन हे अतिमात्रेवरचे उतारा-औषध १९७१ पासून वापरात आहे. कॅलिओ कंपनीने ते आपोआप टोचणाऱ्या उपकरणात घालून २०१४ मध्ये बाजारात आणले, तेव्हा दोन उपकरणांच्या संचाची किंमत ५७५ डॉलर होती. २०१७ पर्यंत ती ४,१०० डॉलर झाली. या दरवाढीमुळे सरकारी विमा योजनांना १४ कोटी २० लाख डॉलरहून अधिक भुर्दंड पडला, असे अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने २०१८ मध्ये नोंदवले.

रुग्णाकडे पाहण्याची नजर

हे सगळे खपून गेले याचे कारण या औषधांचा ग्राहक बोलू शकत नाही. कर्करोगाच्या औषधाची किंमत वाढली की रुग्णांच्या संघटना रस्त्यावर उतरतात. मेथाडोन घेणारा माणूस मात्र ते शेजाऱ्यालाही सांगत नाही, कारण नोकरी जाण्याची, मूल हिरावले जाण्याची भीती असते. २०१७ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री टॉम प्राइस यांनीच म्हटले होते की एका अफूवर्गीय औषधाच्या जागी दुसरे दिल्याने फारसे काही साधत नाही. देशाचा आरोग्यमंत्री असे बोलतो तेव्हा तुरुंगाच्या अधीक्षकाकडून वेगळी अपेक्षा ठेवता येत नाही.

या नजरेत वर्णभेदही मिसळला होता. मेथाडोनची केंद्रे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत राहिली. दवाखान्यात मिळणारे ब्युप्रेनॉर्फिन प्रामुख्याने गोऱ्या, विमाधारक किंवा रोख पैसे मोजू शकणाऱ्या रुग्णांना मिळाले. आजार एकच, पण एकाच्या वाट्याला काचेची खिडकी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला डॉक्टरची खोली.

विश्वास ठेवला तर काय होते याचे उत्तर फ्रान्सने दिले होते. १९९५-९६ पासून तिथल्या कोणत्याही साध्या डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन लिहून देता येऊ लागले. पुढच्या चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. थोडी औषधे रस्त्यावर गेली, काहींनी ती टोचूनही घेतली. पण वाचलेल्या जिवांपुढे ते नुकसान लहान होते. अमेरिकेत हा धडा पोहोचायला पाव शतक लागले. कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये, मेथाडोनचे अनेक दिवसांचे डोस घरी नेण्याची मुभा मिळाली. ज्या मृत्यूंची भीती घातली जात होती त्यांची लाट आली नाही. २०२४ च्या नियमांनी ही मुभा कायम केली आणि स्थिरावलेल्या रुग्णाला २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी नेता येऊ लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनसाठीचा खास परवाना आणि रुग्णसंख्येची मर्यादा दोन्ही रद्द झाली. त्याच वर्षी न्याय विभागाने स्पष्ट केले की डॉक्टरने दिलेले हे औषध घेतो म्हणून नोकरी, उपचार किंवा न्यायालयीन सवलत नाकारणे हा अपंगत्व हक्क कायद्याचा भंग आहे.

आपल्याकडे

भारतात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना उपचारांची गरज आहे. महाराष्ट्राला हा प्रश्न १९८०च्या दशकातल्या गर्दच्या लाटेपासून ठाऊक आहे. त्याच लाटेतून १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. बाहेर ज्यांना ‘गर्दुल्ले’ म्हणून हाकलले जात होते, त्यांना तिथे ‘रुग्णमित्र’ म्हटले जाऊ लागले.

औषधाच्या किमतीबाबत भारताची स्थिती अमेरिकेपेक्षा खूपच बरी आहे. ब्युप्रेनॉर्फिन इथल्या कंपन्या बनवतात आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांत, टोचून नशा करणाऱ्या रुग्णांना ते मोफत मिळते. अडचण पोहोचण्याची आहे. व्यसनमुक्तीसाठीची ही गोळी ठरावीक केंद्रांतूनच दिली जाते, अनेकदा रोज समोर बसवून. ही खबरदारी अगदी निराधार नाही; १९९०च्या दशकात दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथे ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने नशेसाठी सर्रास वापरली गेली होती. पण खबरदारीचा अतिरेक झाला की रोजंदारीवरचा मजूर रोज केंद्रावर येऊ शकत नाही, आणि त्याची जागा गर्द विकणारा भरून काढतो. कायद्यातही दोन सूर आहेत. अमली पदार्थविरोधी कायदा सेवन करणाऱ्याला शिक्षा सांगतो, मात्र स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षणही देतो. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाशी निगडित विकारांना मानसिक आजार मानून अशा रुग्णाला उपचारांचा व सन्मानाचा हक्क देतो.

अमेरिकेच्या अनुभवातून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जाण्याची भीती आहे. पहिला असा की कंपनी लबाड ठरली, म्हणजे औषधही लबाडीचे. ब्युप्रेनॉर्फिनने जीव वाचतात, हे कंपनीच्या जाहिरातींवरून ठरलेले नाही. ते स्वतंत्र अभ्यासांनी आणि फ्रान्ससारख्या देशांच्या नोंदींनी ठरले आहे. दुसरा असा की नियम जितके कडक तितका गैरव्यवहार कमी. सबॉक्सोनच्या बाबतीत डॉक्टरांवरच्या मर्यादेने टंचाई निर्माण केली आणि त्या टंचाईवर रोखीचे दवाखाने पोसले गेले. नियम हवेत ते किमतीवर, पेटंटच्या खेळ्यांवर, विक्री-प्रतिनिधींच्या दाव्यांवर आणि अधिकाऱ्यांच्या जबाबदारीवर. रुग्णासाठी हवे ते घराजवळचे, स्वस्त, ओळखीच्या डॉक्टरकडून मिळणारे औषध, आणि ते हवे तितकी वर्षे घेण्याची मोकळीक. मधुमेही माणसाला इन्सुलिन किती दिवसांत सोडणार असे कोणी विचारत नाही. अफूवर्गीय व्यसनाच्या रुग्णालाही तो प्रश्न विचारला जाऊ नये, एवढी समज आली तर त्याच्या असहायतेवर नफा कमावणे पुष्कळ अवघड होईल.